गुरुजी, चाईत कीड नसते

कुडाळजवळच्या पिंगुळीत कोणाच्या डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘चाई पडली हा, गुरुजींका दाखय.’ गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, झाडपाल्याचे जाणते. औषधाचा एक पैसा घेत नाहीत, पाला स्वतः खुडून आणतात, आणि दारी आलेल्याला चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण कुडाळपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक गावात असं कोणीतरी आहेच. त्यांच्या माणुसकीबद्दल मला शंका नाही. वाद आहे तो त्यांच्या म्हणण्याशी. ते म्हणणं त्यांनी अलीकडेच गावातल्या एका कार्यक्रमात सगळ्यांसमोर मांडलं, समोरच्या आयाबायांनी माना डोलावल्या, आणि म्हणून उत्तरही चारचौघांतच द्यायला हवं.

गुरुजी म्हणाले ते थोडक्यात असं. चाई ही कीड आहे. ती केसाच्या मुळाशी बसून केस कुरतडते. वरून जहाल काही घासलं की कीड मरते आणि केस परत येतात. आपण असे शेकडो बरे झालेले पाहिले आहेत. डॉक्टर नुसत्या सुया टोचतात आणि मागे लागलं तर महागड्या गोळ्या लिहून देतात. आणि समजा नाहीच आले केस, तरी काय बिघडलं? केसच तर आहेत.

मी याच तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. घरोघर फिरताना डोकी पुष्कळ पाहिली, आणि पाल्याने भाजलेली डोकीही पाहिली. त्यामुळे गुरुजींच्या यांतल्या एकाही वाक्याला मी सरसकट मान डोलावू शकत नाही.

किडीची समजूत अडाणी लोकांची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पॅरिसमधल्या नामांकित डॉक्टरांचीही ती होती. १८४३ साली डेव्हिड ग्रुबी या डॉक्टरला टाळूच्या एका रोगात केसांना चिकटलेली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. शोध अगदी खरा होता. पण त्याने त्या रोगाला जे नाव वापरलं, त्याच नावाने त्या काळी चाईही ओळखली जायची. दोन वेगळे रोग एका नावाखाली आले आणि चाई संसर्गाने पसरते की नाही यावर युरोपातले डॉक्टर पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले.

चाईच्या चट्ट्यातला कातडीचा बारीक तुकडा काढून तपासला की कीड दिसत नाही, बुरशीही दिसत नाही. केसाच्या मुळाभोवती गर्दी करून बसलेल्या दिसतात त्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, एरवी जंतूंशी लढणाऱ्या. वाढत्या केसाचं मूळ निरोगी शरीरात या पेशींच्या नजरेआड राहतं. काही माणसांत तो आडोसा मोडतो, पेशी त्या मुळाला परकं समजतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. केस गळून पडतो, पण मूळ मरत नाही. ते नुसतं थांबून राहतं. काहींना पुष्कळ वर्षांनीसुद्धा केस परत येतात ते याचमुळे.

सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवू. गुरुजींनी अंगणात, उजेडात बघावं. चाई पडलेल्या कित्येकांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतात. डोक्यातली कीड बोटांच्या नखांपर्यंत कशी पोचली? काळ्यापांढऱ्या केसांच्या माणसाला चाई पडली तर बहुधा काळे केस जातात आणि पांढरे तसेच उभे राहतात, कारण हल्ला मुख्यतः रंग असलेल्या केसांवर होतो. ‘एका रात्रीत डोकं पांढरं झालं’ असं आपण ज्यांच्याबद्दल ऐकतो, त्यांतल्या काहींची गोष्ट हीच असते. कीड काळा-पांढरा भेद करील का? चाई काही घराण्यांत पिढ्यांमागून पिढ्या दिसते, थायरॉईडच्या तक्रारीबरोबर दिसते, कोडाबरोबर दिसते. एकाच उशीवर झोपणाऱ्या, एकच फणी वापरणाऱ्या नवराबायकोत मात्र एकाची दुसऱ्याला लागत नाही.

आणि गुरुजी ज्या परंपरेचं बोट धरून बोलतात त्या परंपरेतल्या सुश्रुतानेही या रोगाचं कारण कीड सांगितलेलं नाही. त्याच्या संहितेत या रोगाला इंद्रलुप्त म्हटलं आहे. वातासह पित्ताने केस गळतात आणि मग रक्तासह कफ केसांची छिद्रं अडवतो, अशी तिथली मांडणी आहे. ती आज कोणी मानो न मानो, पण सुश्रुतानेही कारण शरीराच्या आतच शोधलं होतं. म्हणजे चाईतल्या किडीची गोष्ट ना आजच्या शास्त्राची, ना सुश्रुताची. ती कानोकानी आलेली आहे.

गुरुजींच्या बोलण्यातली सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे ‘शेकडो बरे झालेले पाहिले’. ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेच असतील, मीही पाहिले आहेत. पण एकदोन चट्टे असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश ते निम्मी माणसं वर्षभरात काहीही न करता बरी होतात. ज्याला केस आले तो नारळ घेऊन गुरुजींच्या पाया पडायला येतो. ज्याचा चट्टा पसरला तो परत येत नाही. तो गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जातो, नाहीतर डोक्याला रुमाल बांधून घरी बसतो. गुरुजींच्या ओसरीवरून फक्त पहिलाच दिसतो.

कोकणाने हे एकदा विंचवाच्या बाबतीत अनुभवलं आहे. विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगाव होते, आणि त्यांचेही शेकडो बरे झालेले होते, कारण विंचू चावलेली बहुतेक माणसं मरत नाहीत. जी मरायची ती मंत्र म्हणूनही मरायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाचं विष हृदयावर काय परिणाम करतं ते खाटेशेजारी बसून पाहिलं, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन देऊन पाहिलं, आणि १९८० च्या दशकापासून हे मरण ओसरत गेलं. मंत्राने बरे झालेल्यांची यादी कितीही लांब असती तरी प्राझोसिन सापडलं नसतं.

केस उपायाने आले की आपसूक आले हे ठरवायचं तर ज्यांना काहीच दिलं नाही अशी माणसं शेजारी लागतात. बगदादमध्ये २००२ साली असा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींच्या चट्ट्यावर दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला, काहींच्या चट्ट्यावर साधं नळाचं पाणी. सहा आठवड्यांत रसवाल्या २३ पैकी २० जणांना केस फुटले, पाणीवाल्या १५ पैकी आठ आठवड्यांनंतरही दोघांनाच. गुरुजी हे वाचून खूश होतील, आणि त्यांनी व्हावंही. माणसं थोडी होती, आणि कांद्याचा वास येत असल्याने कोणाला काय लावलं हे सगळ्यांनाच कळत होतं, एवढी खोट त्यात आहे. पण झोंबणारं काही लावून चाईत केस येऊ शकतात ही गोष्ट निखालस खोटी नाही. त्वचारोगतज्ज्ञसुद्धा एक उपचार असाच करतात. डायफेनिलसायक्लोप्रोपेनोन नावाचं रसायन लावून टाळूवर मुद्दाम सौम्य ॲलर्जी उठवायची. केसावर तुटून पडलेल्या पेशींचा त्याने रोख बदलतो असं मानतात.

फरक मापाचा आहे, आणि माझा सगळा राग त्या मापावर आहे. हे रसायन आधी लहानशा जागी लावून अंग त्याला कसं प्रतिसाद देतं ते बघतात. मग लाखात एक भाग इतक्या पातळ द्रावणापासून सुरुवात करून, दर आठवड्याला टाळू बघत, जेमतेम खाज आणि लाली राहील इतपतच ते वाढवत नेतात. गुरुजींच्या लेपात गुंज किती? बिब्ब्याचं तेल किती? चिमूटभर, अंदाजाने. गुंजेचा लेप जुन्या ग्रंथात आहे हे मला माहीत आहे, तोही कातडी खरवडून. पण गुंजेच्या बीत जहाल विष असतं, आणि खरवडलेल्या कातडीवर ते लावणं म्हणजे विषाला दार उघडून देणं. बिब्बा तर परीट कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायला वापरत. कातडीवर तो काय करतो हे कोकणातल्या कोणत्याही म्हातारीला विचारा.

माझ्या भाचीला सातवीत असताना चाई पडली. आईने शाळेसाठी वेण्या घालताना भांग पाडला आणि फणी उजव्या कानामागे थांबली. चट्टा वाटाण्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आजूबाजूची कातडी स्वच्छ, खाज नाही, दुखणं नाही. मी तेव्हा बाहेरगावी होते. परत आले तोपर्यंत कोणीतरी दिलेला काळपट लेप तीन वेळा लावून झाला होता. लाल रिबिनीची एक वेणी सोडलेली, कानामागे फोड, त्यांतून पिवळं पाणी झिरपून केसांना चिकटून वाळलेलं, मानेत गाठी आणि अंगात ताप. मुलगी रडत नव्हती, मान वाकडी करून नुसती बसून होती. ‘कीड मरता हा, म्हणून दुखता,’ असं तिला सांगण्यात आलं होतं. जखम भरली. चट्ट्याच्या कडेने केस आले. मध्यभागी मात्र शिंपल्यासारखी चकाकणारी, एकही छिद्र नसलेली जागा राहिली, तिथे आता केस कधीच येणार नाही. चाईने मूळ मारलं नव्हतं. मूळ मारलं ते उपायाने.

इथे गुरुजींच्या आणखी एका समजाला हात घालावा लागतो, कारण सगळं नुकसान त्यातून होतं. डोक्यावर केस नसलेली प्रत्येक जागा म्हणजे चाई, असं ते धरून चालतात. न बघताच औषध कुटायला घेतात.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तीनचार दिवसांत टक्कल. नव्या वर्षात आकडा १८ गावांतल्या २७९ माणसांपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवसांत जो तो बघण्याआधीच बोलत होता. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला, कोणी बुरशीला. काहींनी तर ‘टक्कल व्हायरस’ असं नावही ठेवून टाकलं. गावांतल्या पोरीबाळींची लग्नं अडली, बाहेरचे लोक या गावांत यायला कचरू लागले.

मग तेच महाडचे डॉ. बावस्कर तिथे गेले. लोक काय खातात ते त्यांनी बघितलं. रक्त, लघवी, केस आणि रेशनच्या दुकानातला गहू तपासून घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की गव्हात सेलेनियम प्रचंड होतं, किलोमागे १४ मिलिग्रॅमच्या वर, आणि रुग्णांच्या रक्तात जस्त कमी होतं. हा गहू पंजाबकडून आल्याचं त्यांचं म्हणणं होतं, आणि पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम फार आहे, हे शेतीशास्त्रज्ञांना जुनं ठाऊक आहे. काही आठवड्यांत अनेकांचे केस परत येऊ लागले आणि पुढे काहींची नखं सुटू लागली. सेलेनियम अंगात जास्त झालं की केसांपाठोपाठ नखं जातात, तेव्हा हेही त्या निष्कर्षाशी जुळणारंच होतं. २००८ साली अमेरिकेतही एका पौष्टिक म्हणून विकल्या गेलेल्या द्रवात चुकून सेलेनियम भरमसाट पडलं होतं आणि २०१ माणसं आजारी पडली, बहुतेकांचे केस गेले. ‘केसांसाठी’ म्हणून ज्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर मिळतात त्यांतल्या कितीतरींच्या पाठीमागे सेलेनियम छापलेलं असतं. केस गळतात म्हणून त्या दुप्पट घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

बुलढाण्यातला तो रोग चाई नव्हता. समजा त्या गावांत शंभर गुरुजी असते आणि शंभरांनी पाला घासला असता, तर? गहू तोच राहिला असता, टाळू मात्र भाजली असती. केस मग गव्हाचं पोतं संपल्यावर आले असते आणि नाव पाल्याचं झालं असतं.

आपल्याकडे रेशनच्या गव्हाने असं झालेलं नाही, पण चाई समजून पाला घासलेले दुसरे रोग मी याच तालुक्यात बघितले आहेत. पोराच्या डोक्यावर कोंड्यासारखी खपली, केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहिलेले, मानेत गाठी : ही बुरशी. तिला तोंडाने घ्यायच्या गोळ्या काही आठवडे लागतात. दुकानातून मिळालेलं स्टिरॉइडचं मिश्र मलम तिला उलट पोसतं. ती चिघळून टाळूवर पुवाने भरलेली मऊ गाठ झाली तर तिथला केस कायमचा जातो. कपाळालगतचा आणि कानशिलावरचा केस विरळ होत गेलेली, रोज केस ताणून घट्ट अंबाडा बांधणारी बाई : तिने अंबाडा सैल केला तर अर्धं काम झालं. डेंग्यू, लेप्टो, दोडामार्गकडचा माकडताप किंवा बाळंतपण यांनंतर दोनतीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून केस झडतात. ते आपोआप परत येतात, पण तोवर घरचे घाबरून काय काय लावतात. आणि चट्ट्याची कातडी पातळ, चकचकीत, छिद्रं बुजलेली, कडेला लाली असेल तर एक दिवसही दवडू नये, कारण काही रोगांत मूळच मरतं आणि उशीर झाला की डॉक्टरही हात टेकतात.

भुवयांचं वेगळं सांगते. भुवईची बाहेरची कड गेली की लोक तिलाही चाईच म्हणतात, आणि कधी ती असतेही. पण कुष्ठरोगाच्या पाहणीत आम्ही कापसाची वात कातडीवर हलकेच टेकवून ‘लागता काय?’ विचारत असू. संवेदना गेलेली असेल तर प्रकरण केसांचं नसतं. हात-पाय वाचवण्याचं असतं, त्यावर पक्कं औषध आहे आणि ते फुकट मिळतं. भुवईवर पाला घासणाऱ्याने तेवढी कापसाची वात टेकवली आहे का?

चाई जोखायची कशी याची रीतही आहे. भिंग धरून चट्ट्याच्या कडेला बघितलं तर मुळाकडे बारीक आणि टोकाकडे जाड असे तोकडे केस दिसतात, उद्गारचिन्हासारखे. ते दिसले की रोग अजून चालू आहे. चट्ट्याच्या कडेचे केस हलके ओढून बघतात, सहज हातात आले तर चट्टा पसरतो आहे. किती केस गेले याचं मोजमाप करताना डोक्याचा वरचा भाग ४० टक्के, मागचा २४ आणि दोन्ही बाजू प्रत्येकी १८ टक्के धरतात, प्रत्येक भागातलं किती गेलं ते लिहितात आणि बेरीज करतात. पुढच्या खेपेला वाढलं की घटलं हे मग आठवणीवर राहत नाही. कानाच्या वरून मानेपर्यंत पट्ट्यासारखी गेलेली चाई, फार लहान वयात आलेली चाई, नखं बिघडवणारी चाई : ही हट्टी असते. घरच्यांना ते पहिल्याच दिवशी सांगितलं तर ते वर्षभर दारोदार फिरत नाहीत. एवढ्याला दहा मिनिटं लागतात आणि यंत्र म्हणाल तर एक भिंग.

सुया आणि गोळ्यांबद्दल गुरुजी जे बोलले त्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मी मान्य करते. सुई म्हणजे ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे थेंब चट्ट्याच्या कातडीत टोचतात, साधारण चार ते सहा आठवड्यांनी एकदा. मोठ्या माणसाच्या एकदोन चट्ट्यांना हा बराच भरवशाचा उपाय आहे. औषध जुनं आणि स्वस्त आहे. एकाच जागी जास्त पडलं तर खळगा पडतो, बहुधा तो पुढे भरतो. लहान मुलांना टोचत नाहीत, मलमावर भागवतात. आणि चट्टा एकच, तोही नवा असेल तर ‘थोडे दिवस थांबून बघू’ म्हणणारा डॉक्टर कामचुकार नसतो. त्याच एका चट्ट्यासाठी रक्ताच्या तपासण्यांची भली मोठी यादी आणि केस रोवण्याचं पॅकेज हातात ठेवणारे दवाखानेही आहेत. त्यांच्याविरुद्ध बोलायचं तर मी गुरुजींच्या बाजूला उभी राहीन. चालू चाईत केस रोवणं म्हणजे तेही गमावण्याची तयारी.

महाग गोळ्यांचं तसं नाही. २०१४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँजेला क्रिस्टियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की केसांवर तुटून पडणाऱ्या पेशींना मिळणारा एक अंतर्गत इशारा औषधाने अडवता येतो. क्रिस्टियानोंना स्वतःला चाई होती. त्या वाटेवरचं बॅरिसिटिनिब हे औषध जून २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मंजूर झालं. त्याआधीच्या दोन चाचण्यांत अर्धं किंवा त्याहून जास्त डोकं रिकामं झालेले मिळून १२०० रुग्ण होते. चार मिलिग्रॅमची गोळी ३६ आठवडे घेतलेल्यांत शेकडा ३६ ते ३९ जणांच्या डोक्याचा किमान ८० टक्के भाग केसांनी भरला. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हेच प्रमाण शेकडा तीन ते सहा.

हा खोट्या गोळीचा आकडा गुरुजींनी पुन्हा वाचावा. चाई थोडी असते तेव्हा एक तृतीयांश ते निम्मी माणसं आपसूक बरी होतात, पण अर्धं डोकं गेलेल्यांत शंभरातली तीन ते सहा. म्हणजे ओसरीवरचे ते शेकडो पहिल्या जातीचे होते. दुसऱ्या जातीच्या रुग्णाला पाला घासायला सांगून त्याचं वर्ष घालवायचा अधिकार कोणाला नाही.

या गोळ्या काही अमृत नव्हेत. बंद केल्या की पुष्कळांचे केस पुन्हा जातात. त्या प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या अंगात क्षयाचे जंतू निपचित पडून असतात, ते उठू शकतात. रक्तात गुठळ्या होण्याचा आणि हृदयाचाही धोका सांगितलेला आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणून घ्यायची ही गोळी नव्हे. पण ‘डॉक्टरांकडे चाईवर काही नाही’ हे वाक्य आता जुनं झालं.

राहिलं ‘केसच तर आहेत’. हे वाक्य या मातीत उच्चारलं जावं याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. बाईच्या डोक्यावर केस नसणं याला आपल्या समाजाने एक अर्थ लावून ठेवला होता. विधवेचं केशवपन करून तिला माजघराच्या अंधारात बसवायचे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला, इतकं ते केस कापणं कापणाऱ्याच्याही जिव्हारी लागलं होतं. त्या आठवणी घराघरांत अजून जिवंत आहेत. चाई पडलेल्या तरुण मुलीला हळदीकुंकवाला बोलावताना कचरणारी माणसं मी बघितली आहेत. शाळेत टोपी ओढून काढली म्हणून शाळा सोडलेला मुलगा बघितला आहे. मुंबईत नाही, इथेच. चाईबरोबर उदासी आणि धास्ती पुष्कळदा येते, आणि ती बहुधा केस गेल्यानंतर येते. आपण मात्र उलटं लावतो आणि ‘टेन्शन घेतलंस म्हणून केस गेले’ असं त्या मुलीलाच सुनावतो. ताण हे चाईचं कारण असल्याचा पुरावा डळमळीत आहे. एका अभ्यासात दिसतं, दुसऱ्यात दिसत नाही. डळमळीत पुराव्यावर एका पोरीला आरोपी ठरवायचं नसतं.

मला शासनाकडे मोठं काही मागायचं नाही. शाळेत मुलांची तपासणी करायला पथक येतं, ते दात बघतं, डोळे बघतं, वजन घेतं. त्यांनी वेण्या सोडायला लावून, टोपी काढून, कानामागची टाळूही बघावी. कुडाळच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसावा आणि तो दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असावा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाला आता वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. टाळूवरच्या चट्ट्यासाठी बांबोळीपर्यंत एसटीचे हेलपाटे घालायची वेळ येता कामा नये.

आणि गुरुजींना, तुम्हाला, एक विनंती. लोक तुमच्याकडे आधी येणार आणि माझ्याकडे नंतर, हे मला माहीत आहे, कारण तुम्ही दार कधी बंद केलं नाही. तेव्हा पाला खुडायच्या आधी एवढं करा. भिंग घ्या. खपली आहे का, केस तुटलेले आहेत का, कातडी चकाकते का, नखं कशी आहेत, मागे ताप येऊन गेला का, भुवईला स्पर्श कळतो का, ते बघा आणि वहीत लिहा. खपली, पू, चकाकी, बधिरपणा यांतलं काहीही दिसलं, किंवा चट्टे तीनचारच्या वर गेले, तर त्याच दिवशी ओरोसला धाडा. साधा एकच चट्टा असेल तर तारीख घालून त्याचा आकार लिहून ठेवा आणि खोबरेल तेलापलीकडे काही लावू नका. गुंज आणि बिब्बा मात्र आजच घराबाहेर काढा. जे परत आले नाहीत त्यांचीही नावं त्या वहीत असू देत, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन विचारून येईन.